अंगावर बांधलेलं कातडं

मी एक म्हातारी मेंढी आहे, मित्रांनो. मेंढरू बिनडोक असतं म्हणतात. म्हणोत बापडे. आळेफाट्याच्या अलीकडे उसाला लागून सयाजीभाऊंचं शेत आहे, तिथे जाळीच्या कुंपणात आमचा कळप बसतो. गेल्या आठवड्यात बिबट्याने राखणीचा कुत्रा नेला. तेव्हापासून ऊस सळसळला की आमचं रवंथ थांबतं.

माझी आई मला जन्म देऊन लगेच मेली. त्याच दिवशी दुसऱ्या एका मेंढीचं कोकरू मेलं होतं. सयाजीभाऊंनी त्या कोकराचं कातडं काढून माझ्या अंगावर बांधलं. मेंढीने हुंगलं, तिला आपल्या लेकराचा वास आला आणि तिने मला पाजलं. थोड्या दिवसांनी कातडं सोडलं, तोवर मी तिची झाले होते. पुढे मी लोकर दिली, जुळी कोकरं दिली, आल्यागेल्याने कौतुक केलं. आता दात पडले, तर कुणी ढुंकून बघत नाही. चालायचंच.

गेल्या वर्षी असंच एक कोकरू दुसऱ्या मेंढीला लावलं, तेव्हा आरती शेजारी उभी राहून बघत होती. आरती तळेघरची. आईबाप गेल्यावर नातेवाइकांनी हात वर केले. सयाजीभाऊ आणि त्यांची बायको बयाबाई ख्रिस्ती. त्यांची लेक तापाने गेली होती. त्यांनी आरतीला रीतसर दत्तक घेतलं आणि त्या लेकीचा लाल स्वेटर तिच्या अंगात घातला. झालं, पोरीने त्याचा भलताच अर्थ लावला. भर उन्हातही स्वेटर काढेना. एकदा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "ह्यो अंगात हाय तवर मी त्यांची. न्हाई घातला तर वळखायचे न्हाईत." माझा जीव तुटला, पण मला बोलता कुठे येतं? बयाबाईंना वाटे, पोरीला स्वेटर लई आवडतो.

परवा गवत कापताना तिला घाम आला आणि स्वेटर उसाच्या बांधावर राहिला. दिवस मावळताना तिला आठवण झाली. कुणाला न सांगता ती निघाली. वारा उसाकडून येत होता आणि त्यात बिबट्याचा उग्र वास होता. आम्ही सगळ्या एका कोपऱ्यात दाटलो, घसा फुटेस्तोवर ओरडलो.

बयाबाई चुलीपुढून उठून बाहेर आल्या. "आरती कुठंय?" सयाजीभाऊ काठी घेऊन धावले, त्या ताट बडवत मागे. पोर बांधावर खिळली होती. स्वेटर उसात ओढलेला आणि त्याच्यामागे दोन डोळे. सयाजीभाऊंनी तिला खांद्यावर घेतलं, तरी ती उसाकडेच हात करत होती.

"त्यो आणू द्या. न्हाईतर तुमी मला परत धाडाल."

जाळीपाशी येऊन बयाबाईंनी तिला पुढ्यात बसवलं. मग म्हणाल्या, "अगं, आमी रोज देवाला बापा म्हणतो. आमी कुठं लायकीचे? त्यानं आपनहून पदरात घेतलं म्हून त्याची लेकरं. तसंच तुला घेतलंय. स्वेटर थंडीपायी घातला व्हता, बाय."

"मग हे आधी का न्हाई सांगितलं?"

 बयाबाईंनी तिला घट्ट धरलं. उसात काहीतरी टरकन फाटलं.

मित्रांनो, पदरात घेतलेल्या लेकराला तोंडाने सांगा की तू आमचं आहेस. त्याला कळतच असेल, असं धरून चालू नका. आणि आजच सांगा. बिबट्या अजून उसातच आहे.