सातवं शून्य

परीक्षकांनी सिदराच्या उत्तरपत्रिकेवर शून्य लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं, तेवढ्यात दीपमालाने सिदराच्या सर्किटच्या ब्रेडबोर्डवरची आयसी चिप उपटून काढली.

"हे काय चाललंय?" परीक्षक म्हणाले.

"सर, शून्य ते नऊ मोजणाऱ्या काउंटरच्या प्रयोगाला सकाळपासूनचं हे सातवं शून्य. मला ही आयसी तपासायचीय."

दीपमाला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची टीचिंग असिस्टंट, स्वतः एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला. मोशीजवळच्या त्या खासगी विद्यापीठात लॅब तिच्याकडे होती, पण कपाटाची किल्ली विभागप्रमुख ढमढेरे सरांकडे. काउंटरच्या आयसी जुन्या झाल्यात, बदलायला हव्यात, असं तिने जुलैपासून तीनदा लेखी कळवलं होतं. तिन्ही अर्जांवर एकच शेरा होता : 'आहे त्यात भागवावे.'

ती लॅबमध्येच बसलेल्या ढमढेरे सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"किल्ली द्या सर. टेस्टर काढायचाय."

"आत्ता? परीक्षा चालू असताना?"

"आत्ताच."

पुढे केलेला हात तिने खाली घेतला नाही. सगळी लॅब बघत होती. शेवटी सरांनी किल्ली टेबलावर टाकली. दीपमालाने ती उचलली आणि कपाट उघडलं.

टेस्टरवर लाल दिवा लागला : आयसी खराब. मग सकाळच्या सहा जणांच्या आयसी तिने एकेक करून लावल्या. सहाही वेळा लाल.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "हिला चांगली आयसी तपासून द्या. हिची वेळ पुन्हा पहिल्यापासून. त्या सहा जणांना गुरुवारी बोलवा."

सिदरा निघोज्याची. वडील रहिमान यांचं तिथे दुचाकींचं गॅरेज. जानेवारीपासून तिला चाकणच्या एका कंपनीत ट्रेनिंग मिळणार होतं. अट एवढीच, की एकही विषय राहिलेला नको. तिने दुपट्टा खांद्यामागे टाकला, सगळ्या वायरी काढून नव्याने जोडल्या आणि बटण दाबलं.

चारही एलईडी विझलेलेच.

परीक्षक चहाला बाहेर गेले होते. ढमढेरे सर दीपमालाजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला दिसतेय ना चूक? सांगून टाका तिला. पोरगी पास होईल. तुम्ही फक्त ते लाल दिव्यांचं रजिस्टरात लिहू नका. विषय संपला."

चूक तिला दिसत होती. मोजणी शून्यावर नेणाऱ्या रीसेटच्या दोन पिना कुठेच जोडलेल्या नव्हत्या. एक शब्द पुरला असता. तिने सिदराकडे पाहिलं. सिदराने सगळं ऐकलं होतं.

"नका सांगू, मॅडम," बोर्डवरची नजर न काढता ती म्हणाली. "वेळ आहे मला अजून."

सतरा मिनिटं उरली होती. आपल्या नजरेवरूनही तिला काही कळू नये म्हणून दीपमालाने पाठ फिरवली. रजिस्टर पुढ्यात ओढलं आणि सातही आयसींची नोंद केली, इतक्या जोरात की खालच्या दोन पानांवर अक्षरं उमटली.

वेळ संपली. दिवे लागले नव्हते. परीक्षकांनी शून्य खोडून आठ लिहिले. पास व्हायला दहा लागत होते.

"सर, हिलाही गुरुवारी..."

"हिला चांगली आयसी मिळाली होती, मॅडम."

ते खोटं बोलत नव्हते. सकाळपासून आपला राग कुणावर आहे हे दीपमालाला पक्कं ठाऊक होतं. आता तो कुणावर काढावा, हेच तिला कळेना. रजिस्टरात परीक्षकांनी सही केली. त्यांच्या सहीखाली ढमढेरे सरांनाही करावी लागली.

लॅब रिकामी झाली. सिदरा मात्र बोर्डसमोरच बसून होती.

"आता सांगा. कुठे चुकलं?"

दीपमालाने दोन पिनांवर बोट ठेवलं. सिदराने वायरीचे दोन तुकडे कापले, टोकं सोलली आणि त्या पिना ग्राउंडला जोडल्या. दिवे आकडे मोजू लागले. एक. दोन. तीन.

"दोन वायरी," सिदरा म्हणाली. तिने ओठ दाताखाली धरला होता. "फक्त दोन."

दीपमालाला तिच्याकडे बघवेना. तिने सप्लाय बंद करायला हात पुढे केला.

"थांबा, मॅडम," सिदरा म्हणाली. "नऊपर्यंत जाऊ द्या."