सावनीची पालक

सावनीच्या मांडीवरचा व्रण चेतनानं पहिल्यांदा पाहिला तो जावेच्या हाताखाली. लखनौत आलमबागच्या रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमागे, फेब्रुवारीच्या उन्हात चटई टाकून अनघा पोरीचे पाय चोळत होती. खुब्यापासून खाली उतरलेल्या त्या गुलाबी रेघेवरून तिचं तेलाचं बोट अलगद फिरत होतं.

"इथं जोर द्यायचा नाही," अनघा सहज म्हणाली. "ऊन लागलं की खाजतं तिला. थंडीत ठणकतं. हो की नाही गं?"

"हाँ काकू," सावनी डोळे मिटूनच म्हणाली.

चेतना बाजूच्या पायरीवर बसली होती. लेकीच्या अंगावरची ही खूण आपल्याला दुसऱ्या बाईनं समजावून सांगावी, हे तिला गिळता येईना. तेलाची वाटी उचलून स्वतःकडे घ्यावी असं वाटलं. पण सावनीनं आपला पाय तिच्या हातात दिला नसता, हेही तिला ठाऊक होतं.

लग्नानंतर चेतना आणि अभिराम युरोपातल्या एका छोट्या देशात नोकरीसाठी गेले होते. सावनी तिथंच झाली. पोर चालायला लागली ती लंगडतच. खुब्याचा सांधा जागेवर नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. हे दोघं म्हणाले, एकदा पुण्यात दाखवतो, तिथं आमची माणसं असतील, मग करू. त्यांनी तिकिटं काढली. निघायच्या आधीच सरकारच्या दोन बायका पोलिसाला घेऊन दारात आल्या. आईबाप उपचार टाळतायत आणि मुलीला देशाबाहेर पळवून नेतायत, असं त्यांच्या खात्यानं ठरवून टाकलं होतं. सावनीला त्यांनी नेलं, परक्या घरात ठेवलं आणि आईबापांची संमती न घेता तिचं ऑपरेशन करून टाकलं. कमरेपासून प्लास्टरमध्ये अडकलेली लेक चेतनाला ठरवून दिलेल्या वेळातच, दुसऱ्या बाईच्या नजरेखाली भेटायची.

मग इकडे गवगवा झाला. चॅनेलवाले 'भारत की बेटी' म्हणत ओरडले, संसदेत प्रश्न निघाला, दिल्लीहून अधिकारी गेले. दोन सरकारांत तोडगा निघाला तो असा, की मुलगी भारतात जाईल, पण आईबापांकडे नाही. नात्यातलं कुणीतरी तिचं पालक होईल. अभिरामचा थोरला भाऊ यशोधन लखनौला रेल्वेत इंजिनिअर होता. त्याला आणि अनघाला मूल नव्हतं. सावनी त्यांच्याकडे आली. चेतना आणि अभिराम तिथंच खटला लढत राहिले. अपिलाचा निकाल लागेपर्यंत अभिरामला तिथून हलता येणार नव्हतं. चेतनाला मात्र आणखी थांबणं जमेना. ती एकटीच निघून आली, तोवर लेक पाच वर्षांची झाली होती.

लखनौच्या चारबाग स्टेशनवर उतरताना तिला वाटलं होतं, आता आपण आपल्या देशात आहोत, आता कोण अडवणार? अडवलं प्रतिमा मॅडमनी. मुलांची प्रकरणं बघणाऱ्या सरकारी समितीवर त्या होत्या. सावनीची देखरेख त्यांच्याकडे होती.

"दिन में मिलिए, जितना चाहें," त्या म्हणाल्या. "साथ ले जाना नहीं, रात रुकना नहीं. स्कूल और इलाज का फ़ैसला गार्जियन का."

"मी तिची आई आहे. और ये मेरा देश है."

"आपके देश ने ही लिखकर दिया है, चेतनाजी. आज हम मुकर गए, तो कल किसी और का बच्चा वापस नहीं आएगा."

 चेतनानं विमानतळाजवळ, सरोजिनी नगरला एक खोली घेतली. छपरावरून विमानं इतक्या खालून जायची की भांडी थरथरायची. सकाळी मेट्रोनं आलमबागला यायचं, संध्याकाळी परत जायचं. कैद्याच्या नातेवाइकांसारखं, असं तिला वाटायचं.

अनघा वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण ती वाईट नव्हती. तिनं चेतनाचा फोटो सावनीच्या पलंगाशी लावला होता. "ही तुझी आई" असं रोज सांगितलं होतं. स्वतःला कधी मम्मी म्हणवून घेतलं नव्हतं. चेतना आली त्या दिवशी सावनी धीटपणे पुढे आली आणि "नमस्ते आई" म्हणाली. एखाद्या टीचरला म्हणावं तसं. आणि 'काकू' म्हणताना तिचा आवाज असा काही सैल व्हायचा, की चेतनाला त्या शब्दाचाच राग येऊ लागला.

एकदा तिनं हट्टानं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सांगलीला आई करायची तशी चिंच-गुळाची आमटी केली, भात, वर तूप. सावनीनं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काकू, ये दाल मीठी क्यों है?"

"आईनं केलीये ना, खा बरं."

"मुझे तहरी चाहिए."

अनघानं काही न बोलता फ्रिजमधली तहरी गरम केली. तो मसालेभात पोरगी बोटं चाटत जेवली. चेतनानं आमटीचं पातेलं मोरीत ओतलं. "अगं, आम्ही खाल्ली असती," अनघा म्हणाली. चेतना म्हणाली, "राहू दे, वहिनी. तुमच्या घरात चालायची नाही."

मार्चमध्ये गोमती नगरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे सावनीला नेलं. ऑपरेशनमध्ये हाडाला बसवलेली धातूची प्लेट अजून आत होती. आता ती काढायला हवी, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी समोर बसलेल्या दोघींकडे पाहिलं.

"गार्जियन कौन हैं?"

"मैं," अनघा म्हणाली.

"आप बैठिए. और आप ज़रा बच्ची को बाहर ले जाएँगी?"

चेतना उठली. सावनीनं तिचा हात झटकला आणि काकूच्या ओढणीत तोंड खुपसलं. शेवटी चेतना एकटीच बाहेर गेली.

परतताना गाडीत ती म्हणाली, "वहिनी, एकदा पुण्यात दाखवू या. घाई काय आहे?"

"डॉक्टर चांगले आहेत गं. एप्रिलात शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत झालं तर बरं. मी तारीख घेतलीये."

"मला न विचारता?"

अनघा गोंधळली. "विचारणारच होते. तूच बाहेर होतीस."

मागच्या सीटवरून सावनीनं विचारलं, "काकू, दर्द होगा?"

"थोडासा. मैं रहूँगी ना."

चेतना खिडकीबाहेर बघत राहिली. तिकडच्या बायकांचा तिनं इतका द्वेष केला होता, पण त्यांच्यापैकी एकीनंही तिच्या लेकीला 'मैं रहूँगी ना' असं म्हणून तिची जागा घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आलमबागला न उतरता पुढे गेली, समितीच्या कार्यालयात. प्रतिमा मॅडमना तिनं सांगितलं की मुलीला घाईघाईनं ऑपरेशनला ढकलतायत, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेत नाहीत. एवढंच सांगून थांबायचं ठरवून ती आली होती. पण मॅडमनी विचारलं, "और कुछ? बच्ची के साथ बर्ताव?" आणि चेतनाच्या तोंडून निघालं, "हाथ उठाती हैं."

सावनी रस्त्यावर धावली होती तेव्हा अनघानं एकदाच हात उगारला होता. तोही हवेतच थांबला होता. चेतनाला हे नीट आठवत होतं. आठवत असूनच ती तसं बोलली.

त्यानंतरच्या सोमवारी ती क्वार्टरवर पोचली तेव्हा फाटकाशी सरकारी गाडी उभी होती. आत एक माणूस फ्रिज उघडून पाहत होता. दुसरी बाई गादी उलटून बघत होती. यशोधन ऑफिसमधून धावत आला होता आणि दारात नुसता उभा होता. प्रतिमा मॅडम सावनीला आतल्या खोलीत घेऊन गेल्या होत्या. दार बंद होतं. दारातून पोरीचा बारीक, न थांबणारा आवाज येत होता. रडणंसुद्धा नव्हतं ते.

अनघा जेवणाच्या टेबलाशी उभी होती. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. ओढणी सारखी करत होती, टेबलावरची वाटी सरकवत होती, पुन्हा जागेवर ठेवत होती. घर नीट दिसावं म्हणून. चेतनानं ते हात ओळखले. त्या दुसऱ्या देशातल्या आपल्या स्वयंपाकघरात तिचेही हात असेच फिरले होते.

"चेतना," अनघा कुजबुजली, "कुणीतरी तक्रार केलीये. मी मारते म्हणे तिला. तू सांग ना यांना. तू रोज असतेस इथं. तू सांग."

प्रतिमा मॅडम बाहेर आल्या. "बच्ची बहुत डरी हुई है. मारपीट की जाँच पूरी होने तक कुछ दिन बालगृह में रखना पड़ सकता है."

"नाही!" चेतना ओरडली. "मी खोटं बोलले. झूठ बोला मैंने. कधी मारलं नाही तिनं. एकदासुद्धा नाही."

 सावनी उघड्या दारातून धावत आली, चेतनाच्या बाजूनं निघून गेली आणि अनघाच्या कमरेला बिलगली. अनघा तिच्या डोक्यावर हात ठेवून जावेकडे पाहत होती. त्या नजरेत राग यायलाही वेळ लागला.

"तू?" ती म्हणाली. "तू, चेतना?"

"जळत होते मी, वहिनी."

"जा इथून," यशोधन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी असा बोलला होता.

प्रतिमा मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मुलगी हलवली नाही, पण चेतनाच्या भेटी आठवड्यातून एकदा, समितीच्या माणसासमोर, एवढ्याच राहिल्या. ऑपरेशनची तारीख चौकशीत गेली.  अभिराम फोनवर एवढंच म्हणाला, "आपल्या बाबतीत जे झालं, तेच केलंस तू." तिनं ते नाकारलं नाही. कितीतरी दिवस ती खोलीत नुसती पडून असायची.

मे महिन्यात अनघाचा फोन आला. तक्रारीनंतरचा पहिलाच.

"उद्या ऑपरेशन आहे. मॅडमची परवानगी घेतलीये. ये."

"वहिनी, मी..."

"ते नको आत्ता. मला तुझं तोंड बघायची इच्छा नाही, खरं सांगते. पण तिकडे तुला न विचारता कापलं होतं तिला. मला तसं करायचं नाहीये."

हॉस्पिटलमध्ये नर्सनं कागद पुढे केला तेव्हा अनघानं पेन उघडलं आणि थांबली. "पुण्याच्या डॉक्टरांना मी एक्स-रे पाठवला होता. तेही काढा म्हणाले. तुझं काय म्हणणं आहे?"

कुणीतरी चेतनाला विचारलं होतं.  "करा सही," ती म्हणाली.

शुद्धीवर येताना सावनीनं काकूलाच हाक मारली. चेतना पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती. आत काहीतरी पूर्वीसारखंच टोचलं, जरासुद्धा कमी नाही. तिनं वाटीतलं पाणी चमच्यानं लेकीच्या ओठांना लावलं. सावनीनं ते घेतलं, कोण देतंय हे न पाहता.

पाऊसकाळ सरत आला तेव्हा अनघा स्वतः समितीसमोर गेली. मुलीनं आईकडे राहायला लागावं, हळूहळू, असं तिनं सांगितलं. शनिवार-रविवार मिळाले. बाकी निकाल अपिलावर होता, आणि अपील कधी संपेल हे कुणालाच माहीत नव्हतं. जावा-जावांत पूर्वीचा मोकळेपणा आला नाही. अनघा सावनीला मेट्रो स्टेशनवर सोडायची, औषधं आणि कपडे समजावून द्यायची आणि लगेच वळायची.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी सावनी खोलीत कावरीबावरी झाली. विमान गेलं तशी दचकली. मग म्हणाली, "काकू से बात करनी है."

नाही म्हणता आलं असतं. आता नको, उद्या करू, असं म्हणता आलं असतं. चेतनानं नंबर लावला. सावनीचे हात पिठानं भरले होते, आईबरोबर पोळ्या लाटायचा खेळ चालला होता. म्हणून फोन चेतनानंच तिच्या कानाशी धरला. सावनी काकूला सगळं सांगत सुटली. विमान, पोळी, पोळीचा झालेला नकाशा. मध्येच खिदळली. इतकं हसणं चेतनाच्या वाट्याला अजून आलं नव्हतं.

चेतनाचा दंड अवघडला. तिनं हात बदलला आणि फोन पुन्हा लेकीच्या कानाशी धरला.