चंद्राबाईची शाल

मी एक शाल आहे. पांघरायची नव्हे, सत्काराची. लाल रंग, सोनेरी काठ, आणि अंगात जीव एवढाच की फोटोत बरी दिसते.

भिवंडीच्या बाजारातून मनोजशेठच्या माणसांनी मला आणलं. शेठ आमच्या भागाचे पुढारी. गोदामाची जमीन असो की कुणाचं बारसं, त्यांच्यावाचून पान हलत नसे. मी त्यांच्या गाडीच्या डिकीत राहायचे. शेठ मला स्टेजवर कुणाच्या तरी खांद्यावर घालायचे, फोटो निघायचा, आणि पाहुणा पायऱ्या उतरला की ड्रायव्हर महादू मला हळूच काढून घ्यायचा. "पुढच्या कार्यक्रमाला लागते," म्हणायचा. मास्तर, पैलवान, भजनीबुवा, सगळ्यांचे खांदे पाहिले, घर मात्र कुणाचंच नाही.

मग शेलार गावाजवळच्या एका आदिवासी पाड्यावर सभा झाली. तिथे गोदाम येणार अशी कुजबुज होती. शेठनी पाड्यावरच्या चंद्राबाईला स्टेजवर बोलावलं, मला तिच्या खांद्यावर घातलं आणि माईकवर म्हणाले, "ही माझी बहीण. हिच्या घराला हात लागणार नाही!"

खाली महादूने हात पुढे केला. चंद्राबाईने मला घट्ट धरलं.

"भावानं घातली. माजी हाय ही."

सगळे हसले. शेठही हसले, "राहू दे रे."

असं मला घर मिळालं, कुडाचं आणि चुलीच्या धुराचं. ती मला अंगावर घेत नसे. खुंटीला टांगून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "शेठची जबान हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती जागा शेठनी गोदामवाल्यांना आधीच कबूल केली होती, मी डिकीतून ऐकलं होतं.

जेसीबी आला तेव्हा ती मला पुढे धरून उभी राहिली.

"मौसी, शाल से क्या होगा? हटो," चालवणारा म्हणाला. तोही बिचारा ड्युटीवर होता. दुपारपर्यंत घर गेलं.

पण सभेचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आदिवासींची जमीन फसवून घेतल्याचा गुन्हा दाखल झाला. घर फिरलं की वासेही फिरतात. पक्षाने शेठना काढलं, बॅनर उतरले, महादू दुसऱ्या पुढाऱ्याची गाडी चालवू लागला.

चंद्राबाई मला घेऊन पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेली, त्याच दिवशी शेठना पकडून आणलं. समोर कॅमेरे. तोंड लपवायला रुमाल मिळेना. चंद्राबाई पुढे झाली. मला वाटलं, आता ही थुंकणार. तिने मला त्यांच्या हातात दिलं.

"घे भावा. घरच न्हाय ऱ्हायलं, आता ही कुठं टांगू?"

शेठनी मला तोंडावर ओढून घेतलं. आत ते रडले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

शेठना पुढे कोर्टात नेलं त्या पोलिसांच्या गाडीतच मी राहिले, आता सीटखाली असते. काच पुसायला मला काढतात. थंडी पडली आहे आणि चंद्राबाई प्लास्टिकच्या कागदाखाली निजते. कुणी पाड्याकडे जाणार असाल तर मला न्या. भाषण नको, फोटो नको. तिच्या अंगावर घाला आणि परत काढून घेऊ नका. ऊब माझ्यात फार नाही, पण आहे तेवढी तिची आहे.