दोन पार्ट्यांचा बेलभंडारा

कुशातात्या तसे खमके. म्हशीनं दावं तोडलं तर शिंगाला धरून परत आणतील. पण दोन माणसं आवाज चढवून बोलायला लागली की ते हळूच उठून गोठ्यात जाऊन बसायचे. आणि नशीब असं, की दिल्लीत जनता पार्टी फुटली त्यानंतरच्या पंचायतीच्या निवडणुकीत कासार आंबोलीच्या अलीकडच्या त्यांच्या एवढ्याशा गावात पाच पार्ट्या झाल्या. दिल्लीत फुटायला निदान काही कारण तरी असेल. इथं एकाला सप्त्यात पहिला नारळ दिला नाही, दुसऱ्याच्या बांधावरून कुणी बैलगाडी घातली, की झाली पार्टी तयार.

जत्रेत पालखी कुणी उचलायची यावरून डोकी फुटली. ते एक वेळ चालतं, जत्रेत डोकी फुटतातच. पण साळूबाई म्हातारी गेली तेव्हा कुठल्या पार्टीनं खांदा द्यायचा यावर दुपार टळेपर्यंत वाद चालला आणि म्हातारी बिचारी अंगणात पडून राहिली. ते बघून तात्यांना रडूच आलं. आता बास, असं त्यांनी तिथंच ठरवलं.

त्यांनी भैरोबाच्या देवळात गावकी बसवली. ताटात बेलाची पानं आणि भंडारा ठेवला, ताट स्वतः हातात धरलं आणि म्हणाले, "गावात दोनच पार्ट्या. सगळ्यांत मोठ्या हायेत त्याच, एक भैरूअण्णाची, एक सोमनाथची. ज्याला जिकडं जायाचं त्यानं तिकडं जावं. तिसरी काढायची न्हाई, तिसरीसाठी हिंडायचं न्हाई." गावातल्या एकेका पुरुषानं बेलभंडारा उचलून तशी शपथ घेतली. भैरोबाची शपथ मोडली तर घराचं वाटोळं होतं हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

गाव खरंच निवांत झालं. लग्नात पंगती एकत्र बसल्या, पालखी बिनबोभाट निघाली. "तात्या, तुमी गाव वाचवलं," असं लोक म्हणायचे. तात्या वरवर "मी कोण वाचवणार" म्हणत आणि घरी येऊन बायकोला, चंद्राबाईला, तेच पुन्हा पुन्हा ऐकवत. "ऐकलं वं," चंद्राबाई म्हणायची, "आता धार काढायला चला."

पुढची निवडणूक तोंडावर आली आणि पुण्याचा एक शेठ पांढऱ्या मोटारीतून आला. भरे, पिरंगुट या बाजूला तेव्हा कारखाने उभे राहायला लागले होते. शेठला गावामागचं गायरान हवं होतं. म्हशी चारताना तात्यांनी पाहिलं, एका बाजूला भैरूअण्णा आणि दुसऱ्या बाजूला सोमनाथ उभे, आणि शेठ मधे उभा राहून हात लांब करून इथून तिथपर्यंत दाखवतोय. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं एकाच मोटारीतून परत आले. नवीन पंचायत बसली की गायरान शेठला द्यायचा ठराव करायचा, असं ठरलंसुद्धा.

ठरावाचं कानावर आलं आणि तात्या हबकले. ओढ्याकाठी त्यांचे जमिनीचे दोन तुकडे होते, पण घर चालायचं ते म्हशींवर, आणि म्हशी जगायच्या त्या गायरानावर. गायरान गेलं की म्हशी बाजारात न्यायच्या, दुसरा इलाज नव्हता. पोराबाळांसारख्या वाढवलेल्या म्हशी. तात्या चार घास जेवेनासे झाले.

ते भैरूअण्णाकडं गेले. अण्णानं सुपारी कातरत सांगितलं, "सोमनाथनं ठरवलंय, मी एकटा काय करू?"

"इरोध करा की. गाव तुमच्या मागं येईल."

"न्हाई केला तरी निम्मं गाव माझ्याच मागं हाय, तात्या. ते जातंय कुटं?"

तिथून तात्या सोमनाथकडं गेले. सोमनाथ तरणाबांड, बोलायला गोड. "तात्या, राग आला आसंल तर मला मत देऊ नका. अण्णाला द्या."

"त्यो बी त्येच करतोय की!"

"मग? तिसरं कोण हाय का गावात?" सोमनाथ हसला. "ताट तर तुमीच धरलं हुतं."

तात्यांना चपराक बसली. सगळ्या गावाला दावणीला बांधायचं दावं त्यांनी स्वतःच्या हातानं वळलं होतं आणि त्यात पहिली मान त्यांचीच अडकली होती. आळीतली माणसं गायरानासाठी हळहळत, पण बोलता बोलता भैरोबाच्या कळसाकडं बघून गप्प होत. कुणाला सांगणार? सांगितलं तर "शपथ तुमीच घातली," म्हणतील.

अशात एका सकाळी भैरूअण्णा आणि सोमनाथ दोघंही तात्यांच्या अंगणात हजर झाले. दोघांची तोंडं लालबुंद. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या ज्ञानदेवनं निवडणुकीचा अर्ज भरला होता. ज्ञानदेव पिरंगुटाच्या एका कारखान्यात कामाला, सायकलीवरून जाणारा येणारा. वस्ती आणि तात्यांची आळी यांचा वॉर्ड एकच होता.

"तिसरी पार्टी काढली त्यानं," भैरूअण्णा म्हणाला. "शपथ मोडली. ताट तुमी धरलं हुतं, आता अर्ज मागं घ्यायला तुमीच सांगा. उद्यापतुर मुदत हाय."

शपथ मोडली म्हटल्यावर तात्या उठले. पायात वहाणा घातल्या आणि ओढा ओलांडला. ज्ञानदेव दारात सायकलीची साखळी बसवत होता. त्याच्या आईनं, अनुसयाबाईनं, घोंगडी अंथरली. बसल्या बसल्या तात्यांच्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत ते या दारात पहिल्यांदाच आले होते.

"ज्ञानदेवा, गावानं शपथ घेतल्याली. दोनच पार्ट्या."

"व्हय, ऐकलंय." ज्ञानदेवनं हात पुसले. "तात्या, त्या दिशी देवळात आमच्यातलं कोण हुतं?"

तात्या आठवायला लागले. भैरूअण्णा होता, सोमनाथ होता, आळीतले सगळे होते. वस्तीतलं कुणीच नव्हतं. वस्तीत सांगावा धाडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तात्यांच्यासुद्धा.

"आमी बेलभंडारा उचलत न्हाई, ते तुमाला ठाव हाय," ज्ञानदेव म्हणाला. "बोलावलं आसतं तरी उचलला नसता. पर दोनच का, येवढं तरी इचारलं आसतं."

तात्यांनी मान खाली घातली. लाज वाटली, चांगलीच वाटली. आणि त्या लाजेच्या तळातून काहीतरी मोकळं मोकळं वर यायला लागलं. म्हणजे या माणसाच्या गळ्यात दावं नव्हतंच! सगळ्या गावात सुटा राहिला होता तो एवढाच.

"तू कुटल्या पार्टीचा रं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या वस्तीत तीन गट हायेत, तात्या, आन् तिघांचं एकमेकांशी पटत न्हाई." ज्ञानदेव हसला. "सध्या मी गायरानाचा. आमची शेरडं तितं, सरपण तितं, मसणवटा बी तितंच."

अनुसयाबाईनं चहा ठेवला होता. तात्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला. मग उठता उठता म्हणाले, "अर्ज मागं घेऊ नगंस. घेतलास तर शेठ दुसऱ्या दिशी येईल."

"तात्या, तुमी सांगताय हे?"

"मी काय बी सांगितलं न्हाई. मी शपथंत हाय."

ओढा ओलांडताना तात्यांचे पाय कितीतरी दिवसांनी हलके पडत होते. अंगणात दोघं पुढारी वाट बघत बसले होते. "त्यो न्हाई म्हणतोय," एवढंच सांगून तात्या गोठ्यात गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्राबाई पदर खोचून निघाली. मागं आळीतल्या बायका होत्या.

"कुटं निगालीस?"

"वस्तीत. ज्ञानदेवची सभा हाय."

"आगं, शपथ!"

"मला कुणी बोलावलं हुतं तुमच्या देवळात?" चंद्राबाई म्हणाली. "ताट तुमी धरलं, उचललं बाप्यांनी. आमी घरी भाकऱ्या भाजत हुतो."

 तात्या इतके हसले, की दावणीच्या म्हशींनी माना वळवल्या.

बायकांची ती रांग ओढा ओलांडताना भैरूअण्णानं पाहिली, मनात मतं मोजली आणि सकाळीच पारावर उभं राहून जाहीर केलं, की गायरानाला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे. हे कानावर गेल्यावर सोमनाथ भाकरी तशीच टाकून पळत आला आणि त्याहून मोठ्यानं तेच ओरडला. पांढरी मोटार पुन्हा गावात दिसली नाही. ज्ञानदेव निवडून आला. तात्यांनी मत कुणाला दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. भैरोबाला ठाऊक असेल, पण त्यानंही कधी राग धरला नाही, उलट त्या साली दोन म्हशी व्याल्या.

जत्रेच्या आधी पुन्हा गावकी बसली. भैरूअण्णानं बेलभंडाऱ्याचं ताट पुढं सरकवलं. "तात्या, धरा. आवंदा तीन झाल्या, फुडं सात हुतील. आळा घालाया पायजे."

तात्यांनी ताटाला हात लावला नाही. "मयत आन् पालखी, हितं पार्टी आणायची न्हाई. त्येची शपथ घालायची आसंल तर घालू. तीबी वस्तीत सांगावा धाडून आन् बायकांस्नी बोलवून."

"सगळीच आली," सोमनाथ वैतागून म्हणाला, "तर दोनच पार्ट्या ठेवायला कोण कबूल हुईल?"

"त्येच म्हणतोय मी," तात्या म्हणाले आणि उठले. म्हशी गायरानातून परत यायची वेळ झाली होती.