बंद दारासमोरची तिवई

मी एक जुनी, बुटकी तिवई आहे. तीन पाय आणि एक गोल फळी, एवढाच माझा पसारा. पण मित्रांनो, चार पायांच्या खुर्च्या उंचसखल फरशीवर डुगडुगतात, मी डुगडुगत नाही. हवं तर हा माझा तोरा समजा.

एका सुताराने मला उरल्यासुरल्या लाकडातून घडवलं. बरीच वर्षं मी एका प्रशिक्षण केंद्राच्या कोपऱ्यात रंगाचे डबे अंगावर घेऊन पडून होते. मग तिथे एक ताई शिकवायला आल्या आणि माझं नशीब फळफळलं. मारहाण आणि भीती सोसलेल्या मुलांना काही काळ आपल्या घरी सांभाळू इच्छिणारी जोडपी त्यांच्याकडे शिकायला येत. ताई एकेका मोठ्या माणसाला माझ्यावर बसवत आणि बाकीच्यांना भोवती उभं राहून मोठ्याने बोलायला लावत. भलेभले घामाघूम होत.

"मुलाला तुम्ही एवढे मोठे दिसता," ताई म्हणत.

एकदा अग्निशमन दलातला एक धिप्पाड माणूस बायकोबरोबर आला. माझ्यावर बसून म्हणाला, "ताई, माझे गुडघे कानाला लागतायत!" सगळे हसले. मग सरावासाठी ताई घाबरलेलं मूल झाल्या आणि शेजारच्या खोलीत कडी लावून बसल्या. याने काय करावं? बंद दार दिसताच खांदा लावला आणि कडी उखडली.

"सवय हो," तो ओशाळून म्हणाला. "आमच्या कामात बंद दार म्हणजे आत कोणीतरी गुदमरतंय."

"मूल बाहेर आलं," ताई म्हणाल्या, "पण आता तुमच्या घरात ते निवांत झोपणार नाही. दारापुढे आधी खाली बसा. काय करणार ते सांगा. मगच करा." आणि निघताना त्यांनी मलाच त्याच्या हातात दिलं. "घरी न्या. रोज बसायचा सराव करा."

अशी मी त्यांच्या घरी आले. पाठोपाठ चिमी नावाची एक लहान मुलगी आली. आधीच्या दोन घरांनी तिला परत पाठवलं होतं. दुसऱ्या घरात तर दार फोडून तिला ओढून बाहेर काढलं होतं. हे ताईंनी दोघांना बजावून सांगितलं होतं. चिमी त्यांना कोणत्याच नावाने हाक मारत नसे.

एका सकाळी बाथरूमच्या दाराखालून पाणी बाहेर येऊ लागलं. बायको शिवणयंत्र सोडून धावली.

"चिमी! अगं काय झालं? कडी काढ!"

आतून नुसता पाण्याचा आवाज.

"अहो, फोडा ना दार! बघत काय राहिलात?"

त्याचा खांदा दाराला टेकलाच होता. हे दार फुटलं असतं, तर चिमीचं तिसरं घरही हातचं गेलं असतं. पण तो थांबला. पायाने मला पुढे ओढलं आणि पाण्यातच माझ्यावर बसला.

"चिमी, मी खाली बसलोय. दाराला हात लावत नाहीये. तुला लागलं नसेल तर एकदा टकटक कर."

त्याने कान टवकारले. बायकोने तोंडावर हात दाबून धरला होता.

"टकटक आली नाही तर मला आत यावं लागेल. पण तेही आधी सांगेन."

टक.

दोघांच्याही जिवात जीव आला. मग आतून बारीक आवाज आला, "नळ तुटला. मी मुद्दाम नाही तोडला. चादर धूत होते."

बायकोला उमजलं. "अगं, रात्री ओली झाली तर झाली! मी लहानपणी गादीसकट भिजवायचे."

"आणि नळ तुटला तर तुटला," तो म्हणाला. "त्यासाठी या घरात कोणी कोणाला मारत नाही. वर भिंतीवर लाल कॉक आहे. तो फिरवला की पाणी थांबेल. मी फिरवू की तू फिरवतेस?"

"हात नाही पोचत."

"मग तिवई देतो. आता मी उठतोय. तिवई दाराशी ठेवतोय. आता आम्ही दोघं मागे सरकतोय."

कडी निघाली. फटीतून एक ओला हात आला, माझा पाय धरून त्याने मला आत ओढलं. दार पुन्हा लोटलं गेलं, पण कडीचा आवाज आला नाही.

चिमी नखशिखांत भिजली होती. नळाचं तुटलेलं डोकं तिने मुठीत घट्ट धरलं होतं. ती माझ्यावर चढली. फरशी निसरडी झालेली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरले. ही पडली तर? तिन्ही पाय रोवून उभी राहिले.

"एक हात भिंतीला," बाहेरून हळू आवाज आला. "आता उजवीकडे फिरव. घाई नाही."

कॉक घट्ट होता. तिने दात-ओठ खाल्ले. तो करकरला आणि पाणी थांबलं. मग चिमी खाली उतरली आणि तिने स्वतःच दार उघडलं.

"काका," ती म्हणाली, "बंद झाला."

तो धिप्पाड माणूस होता तिथेच, ओल्या फरशीवर, मटकन खाली बसला.

मित्रांनो, त्या पाण्याने माझ्या फळीला चीर गेली, पण त्याचं मला दुःख नाही. तुमच्याही घरात कधी कोणी दार लावून घेईल. ढकलण्याआधी जरा खाली बसा, काय करणार ते सांगा आणि वाट बघा. आणि एवढी कृपा करा, काम झाल्यावर मला ओली टाकून जाऊ नका. चिमी मला कोरडी पुसूनच जागेवर ठेवते.