हिरवळीवरची तीन भोके

मी एक तिपाई बोलते आहे. तीन लाकडी पाय, ते मध्यभागी जोडणारा एक पितळी खिळा आणि वर ताणून बसवलेले जाड कापड, एवढाच माझा देह. मिटले तर काखेत मावते, उघडले तर एका माणसाचे वजन पेलते. मला पाठ नाही, त्यामुळे माझ्यावर बसून कोणी डुलकी काढू शकत नाही. हा दोष नसून गुण आहे, असे माझ्या बाईंनी मला विकत घेताना दुकानदाराला ठणकावून सांगितले होते.

ज्या सुताराने मला घडवले, त्याने माझे पाय खाली निमुळते केले. मऊ मातीत ते पक्के रुततात. या निमुळत्या पायांनी पुढे केवढे रामायण घडवले, ते त्या बिचाऱ्याला कधी कळलेच नाही.

बाई चित्रकार. रोज सकाळी सातला त्या मला काखेत मारून घरासमोरच्या सार्वजनिक बागेत जात. आधी निसर्गाचे एक पान काढत, म्हणजे एखादे झाड, फांदी नाहीतर पक्षी. आणि उठण्यापूर्वी एक व्यंगचित्र. ते एका साप्ताहिकात छापून येई. त्यांतले एकही चित्र मी पाहिलेले नाही. चित्र वर होते आणि मी खाली. परंतु मला वजनाची भाषा येते. झाड काढताना बाईंचा भार तिन्ही पायांवर सारखा पडे. पक्षी काढताना त्या श्वास रोखत, तेव्हा मीही कुरकुरण्याचे धाडस करीत नसे. व्यंगचित्राच्या वेळी मात्र पहिली रेघ उमटण्यापूर्वीच त्या गदगदा हसत आणि माझा खिळा खिळखिळा होई.

बागेचा माळी उंच, किडकिडीत आणि करड्या शिस्तीचा. त्याचे आणि माझे पहिल्या दिवसापासून वाकडे होते. मी जिथे उभी राही, तिथे हिरवळीत तीन भोके पडत. बाई उठून गेल्या की तो ती मातीने भरून अंगठ्याने दाबून टाकी. तुमच्या या तिपाईमुळे माझ्या हिरवळीला देवी आल्यासारखे दिसते, असे त्याने एकदा बाईंना ऐकवलेही होते.

घरी बाईंच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे राज्य होते. त्या मला दाराआड ठेवत आणि माझ्यावर ओली छत्री टाकत. लोक बाग लावतात, नाहीतर बागेत फिरतात. आमची ही एकटीच बागेकडे टक लावून बसते, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मात्र साप्ताहिक आले की सर्वांत आधी त्याच उघडत.

पहिली सहा वर्षे आमची जागा ठरलेली होती: गुलाबांच्या वाफ्यापासून वीस पावलांवर, गुलमोहराच्या सावलीत. मग एके दिवशी बाईंनी मला पंधरा पावलांवर मांडले. ऊन तिरपे आहे, असे त्या पुटपुटल्या. काही महिन्यांनी दहा पावले झाली. इथून वास छान येतो म्हणाल्या. पुढे पाचच उरली, आणि तेव्हा त्यांनी कारणही दिले नाही. रबर घासताना बसणारे कोपराचे हिसके मला दिवसेंदिवस अधिक जाणवू लागले. आक्कांनी विचारले, तर रोज नवा कोन शोधते आहे, असे उत्तर मिळाले. खरे उत्तर एकट्या मला ठाऊक होते, कारण एका सकाळी मला उघडता उघडता बाई अगदी हळू म्हणाल्या, “डॉक्टरांनी आता चित्रे बंद म्हटले, तर मी काय करू ग?”

तिपाईने काय सांगावे? मी तिन्ही पाय मातीत आणखी घट्ट रोवले.

त्याच आठवड्यात साप्ताहिकात माळ्याचे व्यंगचित्र आले. दुसऱ्या दिवशी तो कागदाची चौघडी खिशातून काढीत आमच्यासमोर येऊन उभा राहिला. बाई ताठ बसल्या, हे मला कापडाच्या ताणावरून कळले.

“मला बगळा केलात, त्याबद्दल तक्रार नाही,” तो म्हणाला. “बायको म्हणाली, हुबेहूब आहे. पण गुलाबाची फांदी मी कोंबाच्या वर, तिरपी कापतो. इथे मी कोंबच छाटतो आहे. तीस वर्षांत मी असे पाप केलेले नाही, बाई.”

“व्यंगचित्रात थोडे इकडेतिकडे चालते, माळीदादा.”

“तुमच्या चित्रात कधी चालले नाही. पानाच्या कडेचे दाते मोजून काढायच्या तुम्ही.” मग तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि त्याने माझ्या पायांकडे बोट केले. “ही भोके मी रोज बुजवतो. आधी गुलमोहराखाली बुजवायचो, मग पायवाटेजवळ, आता थेट वाफ्यासमोर. आणखी पाच पावले पुढे आलात, तर काटे टोचतील. दिसत नाही ना नीट?”

मग बाईंचे सगळे वजन एकदम माझ्यावर आले. इतक्या जड त्या मला कधीच लागल्या नव्हत्या.

“आक्काला सांगू नका,” त्या म्हणाल्या.

“मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा. उद्यापासून तीन दिवस मी इथे पाणी सोडणार आहे. बसायला जागा नसेल. तेवढ्यात डॉक्टरांकडे जाऊन या.”

त्या संध्याकाळी दाराआडून मी सारे ऐकले. आक्का रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “चहात मीठ घातलेस, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. मला वाटले, चित्रकार आहेस, चालायचेच.”

मोतीबिंदू निघाला. आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, काही आठवड्यांनी दुसऱ्याची. तेवढे दिवस मी दाराआड छत्री सांभाळीत उभी होते. माझे कापड ढिले पडले. आपल्याला आता अडगळीत जावे लागणार, अशी मी मनाची तयारीही केली होती.

एका सकाळी आक्कांनी छत्री उचलली आणि मला स्वतः बाईंच्या काखेत दिले.

बागेत शिरताच बाई आधी वाफ्याजवळ गेल्या. कापलेल्या फांदीचे टोक त्यांनी निरखून पाहिले आणि मग तिथून पाठ फिरवली. मी पावले मोजू लागले. पाच झाली. दहा झाली. पंधरालाही त्या थांबल्या नाहीत. विसाव्या पावलावर, गुलमोहराखाली, त्यांनी मला उघडले आणि माझे पाय मातीत रुतलेच नाहीत. खाली फुटक्या कुंडीचे तीन सपाट तुकडे हिरवळीच्या पातळीत बसवलेले होते.

“हिरवळीसाठी केले आहे,” माळी लांबूनच म्हणाला. “तुमच्यासाठी नाही.”

बाईंनी त्याच बगळ्याचे चित्र नव्याने काढले. त्याने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले. फांदीचा काप बरोबर आहे, असा निर्वाळा दिला. नाक मात्र या वेळी जरा जास्तच लांब झाले आहे, म्हणाला.

आता माझे वय झाले आहे. एक पाय किंचित झिजला आहे आणि फाटलेले कापड माळ्याने त्याच्या सुतळीने शिवून दिले आहे. टाके ओबडधोबड आहेत, पण पक्के. माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरातले कोणी आपल्या आवडीच्या वस्तूकडे रोज थोडे थोडे सरकत असेल, तर त्याची चेष्टा करू नका. किती पावले उरली, तेवढे मोजा आणि जवळ बसून विचारा.

बोलण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. पण बाई गदगदा हसू लागल्या आहेत आणि कागदावर अजून एकही रेघ उमटलेली नाही. अशा वेळी मला घट्ट उभे राहावे लागते.