बारा जानेवारीचा रंग

आमच्या टेलिफोनच्या एका तारेवर आठ घरं होती. कुणाचाही फोन वाजला की आठही घरांत वाजायचा. आमची खूण दोन लांब, एक आखूड. पण दुसऱ्याची खूण वाजली म्हणून कुणी फोन उचलायचा नाही, असं थोडंच होतं? नेब्रास्कातला हिवाळा, बर्फाखाली गेलेली मक्याची शेतं आणि अर्ध्या मैलावरचं शेजारचं घर. दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं हीच करमणूक होती. प्रत्येकजण उचलताना तारेत ‘टक’ असा आवाज यायचा आणि बोलणाऱ्याचा आवाज जरा बारीक व्हायचा. जितके कान, तितका आवाज कमी. मला ते टक मोजायची सवय लागली होती.

एकच खूप लांब घंटी वाजली तर सगळ्यांनी उचलायचं, असा नियम होता. आग लागली, कुणी गेलं, वादळ येतंय, अशा वेळी. १९५४च्या त्या हिवाळ्यात मी ती घंटी दर रविवारी दुपारी तीनला द्यायला लागले. मी सव्वीस वर्षांची होते, एका खोलीच्या शाळेत शिकवत होते, आणि आपल्या राज्याविषयी लोकांना प्रश्न विचारायचा मला नाद होता. जिंकणाऱ्याला सहा कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, माझ्या आईच्या हातचे.

दहा जानेवारीच्या रविवारी मी घंटी दिली. सात टक मोजले. सगळे आले.

“राजधानी लिंकनला जायच्या आधी कुठं होती?”

“ओमाहा!” अल्विना तोमान ओरडली. ती माझ्याच वयाची, चार घरं पलीकडची. “काहीतरी अवघड विचार की गं. कोलाचे वाटायचेच असतील तर सरळ घरी आणून दे.”

“अठराशे चौऱ्याहत्तर साली टोळ आले, तेव्हा पीक संपल्यावर त्यांनी काय खाल्लं?”

“नांगराचे दांडे,” बोहुमिल क्रायिचेक म्हणाले. त्यांना सगळे काकाच म्हणत. “आणि अल्विनाच्या आजेसासूचा हिरवा झगा. तो म्हातारीच्या अंगावर होता म्हणतात.”

“काका, तुमच्या तोंडाला काही कुलूप?”

“होतं. टोळांनी खाल्लं.”

सगळे हसले. हर्मिना आजी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना कमी ऐकू यायचं. त्या फोन घट्ट कानाला लावून नुसत्या बसायच्या. पण त्या दिवशी त्या माझ्या शेवटच्या प्रश्नाची वाट बघत होत्या. त्यांना मी तसा शब्द दिला होता.

आमच्या जिल्ह्याच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं. लिहायला मी, आणि ते तपासणाऱ्या समितीचे प्रमुख बोहुमिलकाका. बुधवारी कागद छापखान्यात जायचे होते. त्यात १८८८च्या बारा जानेवारीच्या हिमवादळाचं पान होतं. त्या दिवशी सकाळ इतकी उबदार होती, की मुलं कोटाशिवाय शाळेत आली. आमच्या शाळेवर तेव्हा योसेफा नावाची एकोणीस वर्षांची शिक्षिका होती. दुपारी वायव्येला काळं दिसल्यावर तिने क्रायिचेकांच्या तीन मुलांना घरी जायला सांगितलं, कारण त्यांचं घर सगळ्यात जवळ होतं. ती तिघं निघाली आणि दहा मिनिटांत वादळ आलं. बाकीच्यांना तिने आतच ठेवलं. ती सगळी वाचली. व्होयतेख, आनेश्का आणि धाकटी रोझालिया चौथ्या दिवशी गोठलेली सापडली, भलत्याच दिशेला.

बोहुमिलकाका त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले.

त्यांच्या वडिलांनी चौकशीत साक्ष दिली होती. “शाळेची घंटा वाजलीच नाही. वाजली असती तर पोरं आली असती.” घंटेचा दोर तुटलेला सापडला, म्हणून ते खरं धरलं गेलं. योसेफाला पुढे कुणी शाळा दिली नाही. ती ओमाहात एका खानावळीत भांडी घासायची आणि तिथेच वारली.

हर्मिना आजी तिची धाकटी बहीण. त्या दिवशी नऊ वर्षांची, वर्गातच होती. आठवड्यापूर्वी त्या बर्फातून चालत माझ्याकडे आल्या होत्या.

“मुलांना जाऊ दिलं असं लिही. ते खरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण वाजवली नाही असं लिहू नकोस, ओटिली. दोर तुटला तशी ती शिडीवर चढली आणि कोळसा फोडायच्या हातोड्यानं वाजवत राहिली. अंधार पडेपर्यंत. मी शिडी धरली होती.”

“आजी, साक्ष लेखी आहे. तुम्ही तिची बहीण. काका ऐकणार नाहीत.”

“मी पंच्याहत्तरची आहे. मी गेल्यावर पुस्तक राहील.”

म्हणून त्या रविवारी मी शेवटचा प्रश्न विचारला. “याला बक्षीस नाही. त्या दिवशी शाळेची घंटा ऐकल्याचं कुणाच्या घरात कुणी, कधी, बोललं होतं का?”



“ओटिली,” काकांचा आवाज कोरडा झाला होता. “हे काय चालवलंयस?”

“विचारतेय, काका.”

“माझा बाप खोटं बोलला का?”

“असं कोण म्हणालं?” अल्विना मध्ये पडली. “आमच्या घरात तर कधी—”

टक.

मला वाटलं, कुणाच्यातरी हातून फोन सुटला आणि परत उचलला. पण अल्विनाचा आवाज बारीक झाला.

टक. ती फार दूर गेली. अजून बोलत होती, पण शब्द कळेनात.

टक.

दहा. तारेवर मी धरून आठ घरं, आणि मी दहा टक मोजले होते. मग आवाज सगळेच गेले. उरला तो वाऱ्याचा सूं सूं. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर ऊन होतं, पवनचक्कीचं पातं हलत नव्हतं.

“बाई,” एक मुलगी म्हणाली.

माझ्या शाळेतली नव्हती. माझ्या सगळ्या मुलांचे आवाज मला पाठ होते. आणि तारेवर एवढे कान असताना तो आवाज बारीक नव्हता. अगदी जवळ होता, कानात श्वास लागावा इतका.

“बाई, घंटा येत होती ऐकू. आधी नीट. मग फुटक्यासारखी, ठक ठक. पण थांबली नाही.”

“कोण बोलतंय?” काका म्हणाले असावेत. मला ते विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू आलं.

“सगळीकडून येत होती, बाई. आम्ही तिच्याकडेच चालत होतो.”

मी फोन कानावर आणखी दाबला.

“बाबा तिला रंग का देतात?” तिने विचारलं.

टक. टक. टक. तीनदा. आणि अल्विनाचा आवाज एकदम मोठ्याने आला, “कुणी बोलत का नाही? अगं कोण होती ती?” तेवढ्यात आणखी एक टक झाला. काकांनी फोन ठेवला होता.

घंटेची गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. वादळाच्याच वर्षी, उन्हाळ्यात जुनी शाळा पाडली, तेव्हा काकांच्या वडिलांनी ती पितळी घंटा विकत घेतली आणि आपल्या कोठाराच्या तुळईला टांगली. लोलकाला गोणपाट बांधलं. कधी वाजवली नाही. पण दर बारा जानेवारीला, रंगाचा डबा शेगडीवर कोमट करून, तिला नवा रंग द्यायचे. लोक म्हणत, पोरांची आठवण. वडील गेल्यावर काकांनीही ते चालू ठेवलं. का, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मंगळवारी, म्हणजे बाराला, सकाळी काकांचा ट्रक आमच्या दारात थांबला. आत हर्मिना आजी होत्या, शालीत गुंडाळलेल्या.

“बस,” काका मला म्हणाले. त्यांनी दाढी केली नव्हती.

कोठारात घंटा खाली उतरवून गवतावर ठेवलेली होती. काकांनी पत्र्याच्या चुलीशी तापवलेली खरवडणी घेतली आणि एका बाजूने रंग काढायला सुरुवात केली. पासष्ट थर होते. लाल, तपकिरी, हिरवा, परत लाल. सालं पडत होती, बोटाएवढ्या जाडीची. आजी एका बादलीवर बसून बघत होत्या.

पितळ लागलं. काका खरवडत राहिले, मग थांबले. हातमोजा काढून त्यांनी तिथे बोटं फिरवली.

पोचे पडले होते. एकाच बाजूला, तळहाताएवढ्या जागेत, एकावर एक, मोजता न येतील इतके. काठाला एक चीर गेली होती. त्या प्रत्येक पोच्यात सगळ्यात तळाला काळा रंग दाबून भरलेला होता. बाकी घंटेवर काळा कुठेच नव्हता.

“त्यांना माहीत होतं,” काका म्हणाले. “बाबांना.”

“होतं,” आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या उठल्या, काकांच्या बोटांशेजारी स्वतःची बोटं ठेवली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मी त्या दुपारी पान पुन्हा लिहिलं. ‘शिक्षिकेने तीन मुलांना घरी जाऊ दिले. वादळ आल्यावर दोर तुटेपर्यंत तिने घंटा वाजवली, आणि नंतर हातोड्याने, अंधार पडेपर्यंत.’ खाली काकांनी सही केली.  आजी पुढे आठ वर्षं जगल्या. ते पुस्तक त्या उशाशी ठेवत.

त्या दिवशी परत जाताना ट्रकमध्ये त्यांनी मला विचारलं होतं. “रविवारी कुणी पोर बोललं म्हणतात. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. काय म्हणालं गं?”

काकांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

“घंटा ऐकू येत होती म्हणाली, आजी,” मी मोठ्याने सांगितलं. “थांबली नाही म्हणाली.”

“आणि?”

“एवढंच.”

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

‘आम्ही तिच्याकडेच चालत होतो,’ हे पुढचं वाक्य सात घरांनी ऐकलं होतं. आमच्या तारेवर पोटदुखीपासून सोयरिकीपर्यंत कधी काही लपून राहिलं नाही. पण त्या आठ वर्षांत, किराणा दुकानात, चर्चच्या पायरीवर, अल्विनाच्या तोंडूनसुद्धा, ते वाक्य हर्मिना आजींच्या कानावर गेलं नाही. आज त्या तारेवरची मी एकटीच उरले आहे. दर बारा जानेवारीला, वारा नसला तरी, मी फोन उचलून थोडा वेळ कानाशी धरते, आणि मोजते.